सिबिलवर पाळत ठेवायला पैसे मोजावेत का?

पत्र: मी ३४ वर्षांची आहे, खासगी नोकरी करते. गेल्या पाच वर्षांत तीन भाड्याची घरं आणि दोन नोकऱ्या बदलल्या, प्रत्येक ठिकाणी आधार-पॅनच्या झेरॉक्स दिल्या. मागच्या महिन्यात ऑफिसमधल्या एकाच्या पॅनवर कुणीतरी चाळीस हजारांचं ॲप-लोन उचलल्याचं निघालं, तेव्हापासून धास्ती बसली आहे. माझ्या मोबाइलमधलं एक ॲप रोज बजावतं की ‘तुमची ओळख धोक्यात आहे’, आणि वर्षाला बाराशे रुपयांत ‘क्रेडिट मॉनिटरिंग आणि आयडेंटिटी प्रोटेक्शन’ देतो म्हणतं. घ्यावं का? बाबांसाठीही घ्यावं का? ते ७१ वर्षांचे आहेत, पेन्शनर आहेत, रेशन अंगठा लावून आणतात.

उत्तर:

ताई, काहीही घडलेलं नसताना आज हे बाराशे रुपये भरू नका. उद्या खरोखर तुमच्या नावावर कुणी कर्ज काढलं, तर एखाद-दोन महिन्यांपुरते पैसे भरणं उपयोगी ठरू शकतं, ते पुढे सांगतो. बाबांना मात्र हा प्लॅन कामाचाच नाही, कारण त्यांच्या पैशाला धोका आहे तो वेगळ्या वाटेने.

‘प्रोटेक्शन’ या शब्दाखाली एका पुड्यात सहसा तीन गोष्टी बांधलेल्या असतात. तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर (म्हणजे तुमच्या नावावरची कर्जं, कार्डं आणि त्यांची फेड यांच्या नोंदीवर) नजर ठेवणं, ‘डार्क वेब’वर, म्हणजे चोरलेली माहिती विकली जाते त्या इंटरनेटच्या लपलेल्या भागात, तुमचा ईमेल किंवा पॅन सापडतो का ते बघणं, आणि थोडासा विमा. यातलं एकही चोराला दारात अडवत नाही. अमेरिकेत माणूस आपला रिपोर्ट फुकट ‘फ्रीझ’ करू शकतो. मग कुठलीही नवी बँक तो उघडून बघू शकत नाही आणि कर्ज तिथेच अडतं. आपल्याकडच्या कायद्याने ग्राहकाला तसा हक्क दिलेला नाही. इंटरनेटवरचे बरेच सल्ले तिकडचे असतात आणि ते वाचून इथल्या प्लॅनमध्येही असंच काही कुलूप असेल असं वाटतं. इथे मुख्यतः वर्दी मिळते, तीही कर्ज देणाऱ्याने तुमचा रिपोर्ट उघडल्यानंतर. ॲप-लोनचे पैसे दहा-पंधरा मिनिटांत खात्यात पडतात, म्हणजे वर्दी येईपर्यंत पैसे गेलेले असू शकतात.

तरीही लवकर कळण्याला किंमत आहे, हे मान्य. पहिल्या आठवड्यात तक्रार करणारा आणि आठ महिन्यांनी वसुलीवाल्याच्या फोनमुळे जागा होणारा, यांच्या डोकेदुखीत फार फरक असतो. पण ही वर्दी आता तुम्हाला फुकट मिळायला हवी. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या आदेशानुसार, एखाद्या बँकेने किंवा वित्तकंपनीने तुमचा रिपोर्ट उघडला की क्रेडिट ब्युरोने (हे रिपोर्ट तयार करणाऱ्या कंपनीने) तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा असतो. हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

गोम एवढीच की हा संदेश ब्युरोकडे नोंदलेल्या नंबरवर जातो. ती नोंद सहा वर्षांपूर्वी बंद केलेल्या सिमची असेल, तर संदेश हवेत. आणि कर्ज काढणाऱ्याने अर्जात स्वतःचा नंबर टाकला असेल, तर तोही नंबर तुमच्या नावापुढे येऊन बसू शकतो. म्हणून पहिलं काम: रिपोर्ट काढा आणि त्यातला मोबाइल आणि ईमेल तपासा. जुना असेल तर ज्या बँकेत तुमचं कर्ज किंवा क्रेडिट कार्ड आहे, तिथे आधी बदला. बँकेकडूनच तो पुढे ब्युरोकडे जातो.

रिपोर्ट फुकट कसा मिळतो, हे ॲपवाले सहसा मोठ्या अक्षरांत सांगत नाहीत. देशात चार क्रेडिट ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपण चौघांनाही सर्रास ‘सिबिल’ म्हणतो, तिथेच घोटाळा होतो. प्रत्येकाने दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट स्कोअरसह (तुमच्या कर्जफेडीला मिळालेल्या गुणांसह) फुकट द्यायचा असतो, म्हणजे वर्षाला चार. जानेवारीत एकाचा, एप्रिलमध्ये दुसऱ्याचा, जुलैत तिसऱ्याचा, ऑक्टोबरमध्ये चौथ्याचा असे काढलेत, तर दर तीन महिन्यांनी तुमची तपासणी होते आणि एक पैसाही लागत नाही. पहिल्यांदा मात्र, तुम्हाला धास्ती बसलीच आहे तर, चारही एकाच आठवड्यात काढा. अडकायला होतं ते वेबसाइटवर: फुकट रिपोर्टची लिंक ठळक ठेवण्याचा आदेश असूनही प्रत्येक पानावर प्लॅनचं बटण समोर येतं. कार्डाचा नंबर मागितला गेला तर तुम्ही चुकीच्या वाटेने गेलात असं समजा आणि मागे फिरा. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, ती भीती सोडून द्या.

तुम्हाला आलेला प्लॅन यातल्या किती ब्युरोंवर नजर ठेवतो, ते त्याच्या अटींत शोधा. बरेचदा एकाच. फसव्या कर्जाची चौकशी दुसऱ्याच ब्युरोकडे झाली असेल, तर तुमचा पहारेकरी भलत्याच दारात उभा असेल.

रिपोर्ट हातात आल्यावर सगळे आधी स्कोअर बघतात. या कामासाठी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. फसवं कर्ज पहिल्या महिन्यात नियमित दिसतं आणि स्कोअर फारसा हलतही नाही. आधी वैयक्तिक माहितीचं पान वाचा. अनोळखी पत्ता, अनोळखी मोबाइल, कधीही न वापरलेला ईमेल ही पहिली खूण. पत्त्याचं स्पेलिंग वेगळं आहे किंवा जुन्या भाड्याच्या घराचा पत्ता आहे, एवढ्याने घाबरू नका; तो तुम्हीच कधीतरी दिलेला असतो. मग ‘एन्क्वायरी’चा भाग. तिथे तारीख, कुणी चौकशी केली, कशासाठी आणि किती रकमेसाठी ते लिहिलेलं असतं. दोन-तीन दिवसांत चार-पाच वित्तकंपन्यांनी चौकशी केली आणि तुम्ही कुठेच अर्ज केला नव्हता, तर कुणीतरी तुमच्या पॅनवर दारं ठोठावत फिरतंय. ज्यांनी नकार दिला त्यांच्याही नोंदी इथे दिसतात, म्हणून हा भाग सगळ्यात बोलका. शेवटी कर्जखाती. प्रत्येक खात्याची सुरू झाल्याची तारीख, रक्कम आणि मालकीचा प्रकार बघा. तुम्ही कुणाला जामीन राहिला असाल किंवा सहकर्जदार असाल, तर ते खातंही इथे येतं आणि लोक ते विसरलेले असतात.

इथे एक खोटी धास्ती हमखास बसते. रिपोर्टमध्ये ॲपचं नाव नसतं. त्यामागच्या बँकेचं किंवा वित्तकंपनीचं असतं. दुकानातून हप्त्यावर घेतलेला फ्रिज, शॉपिंग ॲपवरचं ‘नंतर पैसे द्या’ खातं, हेही कर्ज म्हणूनच नोंदलं जातं, आणि तेही तुम्ही कधी न ऐकलेल्या कंपनीच्या नावाने. तेव्हा तक्रार ठोकण्याआधी त्या तारखेचे तुमचे एसएमएस आणि ईमेल चाळा.

आज घेतलेलं कर्ज आज रिपोर्टमध्ये दिसत नाही. जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला ब्युरोकडे माहिती द्यावी लागते; त्यात पाठवायला आणि चढवायला लागणारे दिवस धरले तर नवं खातं दिसायला दोन-तीन आठवडे सहज जातात. पैसे देऊन घेतलेल्या मॉनिटरिंगलाही ही ढील टळत नाही, कारण माहितीचा झरा तोच.

डार्क वेबची गोष्ट थोडक्यात. तुमचा ईमेल कुठल्या गळतीत सापडला हे ‘हॅव आय बीन पोन्ड’ नावाची वेबसाइट फुकट सांगते, आणि उपाय एकच: त्या ठिकाणचा पासवर्ड बदलणं आणि तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल तिथेही बदलणं. पॅन सापडला असं कळलं तर काय करणार? पॅन जन्मभराचा. तो बाहेर गेलाय असं आजच गृहीत धरा. तीन घरमालक, दोन एचआर आणि मधल्या सगळ्या झेरॉक्सवाल्यांकडे तो आहेच.

विम्याचं मात्र बारीक वाचा. अशा प्लॅनमधला विमा बहुधा वकिलाचा खर्च, कागदपत्रांचा खर्च असल्या गोष्टी देतो; खात्यातून गेलेली रक्कम द्यायची वेळ आली की अटी पुढे येतात. ओटीपी तुम्ही स्वतः सांगितला का, किती दिवसांत कळवलं, एफआयआर आहे का, हे तीन प्रश्न पॉलिसीच्या कागदात शोधा. ओटीपी सांगितलेल्या प्रकरणांना त्यात जागा नसेल, तर रोजच्या फसवणुकीतला मोठा भाग त्या विम्याबाहेरच राहिला.

आता ते बाराशे रुपये वाचवून एक रविवार सकाळ द्या. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते बघता येतं. अनोळखी नंबरापुढे ‘हा माझा नंबर नाही’ असं नोंदवा. तुमच्या कागदांवर काढलेलं परकं सिम ही पुढच्या बऱ्याच उद्योगांची पहिली पायरी असते. मग आधारच्या वेबसाइटवर किंवा एमआधार ॲपमध्ये ‘ऑथेंटिकेशन हिस्ट्री’ उघडा. गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कधी आणि कुठल्या पद्धतीने तपासलं गेलं याची यादी मिळते. तिथेच बायोमेट्रिक लॉक करा. बोटांचे ठसे वापरून आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे काढता येतात आणि त्याला ओटीपी लागत नाही. लॉकने हा रस्ता बंद होतो. ओटीपीवर चालणारी आधार तपासणी मात्र लॉकनंतरही चालू राहते, म्हणून ओटीपी सांभाळण्यातून सुटका नाही.

आयकर पोर्टलवर ‘एआयएस’ नावाचं वार्षिक माहितीपत्रक असतं, तेही उघडा. पॅनची सगळी चोरी कर्जाच्या रूपात होत नाही. तुम्ही न उघडलेल्या खात्यावरचं व्याज, कधीही न केलेल्या नोकरीचा पगार किंवा न मिळालेलं भाडं क्रेडिट रिपोर्टमध्ये येत नाही, इथे येतं. कार्डांचे परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार लागत नसतील तर बँकेच्या ॲपमधून बंद ठेवा आणि मर्यादा खाली आणा. २०२० पासून ही सोय देणं बँकांना बंधनकारक आहे.

इथून पुढे आधार द्यायची वेळ आली तर ‘मास्क्ड आधार’ द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पॅनच्या झेरॉक्सवर मजकुराला छेदून जाईल असं तिरकं लिहा: ‘फक्त भाडेकरारासाठी’, तारीख आणि सही. कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं, म्हणून मधोमध. याने पक्का चोर अडेलच असं नाही, पण ती झेरॉक्स सरळ कर्जाच्या अर्जाला जोडणं अवघड होतं आणि कागद कुठून फुटला हे तुम्हाला कळतं.

समजा, रिपोर्टमध्ये खरंच परकं कर्ज निघालं. लोकांची पहिली चूक अशी होते की फक्त ब्युरोकडे तक्रार टाकून वाट बघत बसतात. ब्युरो स्वतःहून एक आकडाही बदलत नाही. तो कर्ज देणाऱ्याला विचारतो, आणि तिकडून ‘बरोबर आहे’ असं उत्तर आलं की तुमची तक्रार बंद. म्हणून एकाच दिवशी दोन्हीकडे जायचं. ब्युरोच्या वेबसाइटवर वाद नोंदवा, आणि कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्या ईमेलमध्ये नुसतं ‘हे कर्ज माझं नाही’ लिहून थांबू नका. कर्जकरार, केवायसीची कागदपत्रं आणि सेल्फी, अर्जात दिलेला मोबाइल, आणि कर्जाची रक्कम कुठल्या बँक खात्यात गेली त्या खात्याचा तपशील व व्यवहार क्रमांक मागा. पैसे तुमच्या खात्यात आलेच नाहीत, हा तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा.

पोलीस तक्रार त्याच दिवशी. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवून पोच क्रमांक घ्या आणि तो वरच्या दोन्ही तक्रारींत लिहा. पैसे तुमच्याच खात्यातून जात असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि बँकेला कळवणं, बाकी सगळं नंतर. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं ठाण्यात ऐकायला मिळालं, तर हद्दीबाहेरचाही गुन्हा नोंदवून घेण्याची तरतूद कायद्यात आहे, हे शांतपणे सांगा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-सी हे ओळखचोरीचंच कलम आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा.

दुसरी चूक अधिक महाग पडते. वसुलीवाले रोज फोन करतात, घरात कटकट नको म्हणून माणूस एक हप्ता भरतो, किंवा ‘अर्ध्यात मिटवू’ला हो म्हणतो. हप्ता भरणं म्हणजे कर्ज आपलं असल्याची कबुली दिल्यासारखं होतं, आणि मिटवलेलं खातं रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ म्हणून तुमच्याच नावावर राहतं. एक रुपयाही भरू नका. फोनवर हुज्जतही नको. तक्रारीचा क्रमांक सांगा आणि पुढचं बोलणं ईमेलवर ठेवा.

तक्रार ३० दिवसांत निकाली निघायला हवी. कर्ज देणाऱ्याने त्यातल्या पहिल्या २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवायची असते. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, आणि ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने ती द्यायची असते. ही रक्कम निकालानंतर पाच कामकाजी दिवसांत तुमच्या बँक खात्यात जमा व्हावी लागते, म्हणून तक्रार करतानाच खात्याचा तपशील द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँका-वित्तकंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) ऑनलाइन तक्रार करा. त्याला फी नाही, वकील लागत नाही, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट ब्युरोही लोकपालाच्या कक्षेत आहेत. ‘सिबिल साफ करून देतो, दहा हजार लागतील’ म्हणणारे एजंट हेच फुकटचे अर्ज तुमच्या वतीने भरतात, आणि त्यासाठी पुन्हा तुमचं आधार-पॅन मागतात!

पैसे भरण्याची वेळ येते ती इथे. वाद चालू असताना वर्षाचा एक फुकट रिपोर्ट वापरून झालेला असतो, आणि दुरुस्ती झाली का, झालेली पुढच्या पंधरवड्यात परत उलटली का, हे बघायला वारंवार रिपोर्ट लागतो. उलटते, बरं का: वित्तकंपनीच्या मूळ यादीत बदल झाला नसेल तर जुनीच माहिती पुन्हा चढते. अशा वेळी ज्या ब्युरोत चूक आहे, त्याच ब्युरोची सगळ्यात कमी मुदतीची वर्गणी थेट त्याच्याकडून घ्या. गृहकर्ज तोंडावर आलं असेल आणि रिपोर्टमध्ये भानगड असेल, तरीही असंच. ‘ऑटो-रिन्यूअल’ त्याच दिवशी बंद करा.

फुकट स्कोअर दाखवणाऱ्या ॲप्सचा मोबदला तुमची संमती असते. ती ॲप्स तुमचा रिपोर्ट बघतात आणि त्यावरून कर्जाच्या जाहिराती पाठवतात. जे ॲप रोज घाबरवतं त्याची संमती सेटिंग्जमध्ये जाऊन काढा, मग ते मोबाइलवरून काढा. नुसतं अनइन्स्टॉल केल्याने संमती रद्द होत नाही.

आता बाबा. ७१ वर्षांच्या पेन्शनरच्या नावावर ॲप-लोन निघणं अशक्य नाही, पण त्यांचा खरा धोका म्हणजे ‘तुमच्या नावाने पार्सल पकडलंय’ असं सांगणारा फोन, आणि आधारला जोडलेल्या खात्यातून अंगठ्यावर निघणारे पैसे. या दोन्हींपैकी काहीच क्रेडिट रिपोर्टमध्ये कधी उमटत नाही. त्यांची मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात ठेवा, त्या खात्याला यूपीआय जोडू नका, आणि पेन्शनच्या खात्यावरची यूपीआय मर्यादा दोन-पाच हजारांवर आणा. बँकेचे एसएमएस त्यांच्या फोनवर येतात का ते स्वतः बघा. ओटीपी त्यांच्याच तोंडून गेला, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्यांचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं, असा २०१७ चा नियम आहे. म्हणून बँकेचा हेल्पलाइन नंबर आणि १९३० हे दोन्ही कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा.

त्यांचं बायोमेट्रिकही लॉक करा, पण मग रेशन दुकानात अंगठा चालणार नाही. निघण्याआधी ते तात्पुरतं उघडायचं; ठरावीक वेळाने आपोआप पुन्हा बंद होतं. यासाठी आधारला जोडलेला मोबाइल त्यांच्याजवळ आणि चालू हवा. लॉक असताना चेहऱ्याची तपासणीही बंद असते, म्हणून नोव्हेंबरात हयातीचा दाखला डिजिटल पद्धतीने काढायला बसाल तेव्हा आधी लॉक उघडा, नाहीतर ठसा जुळत नाही म्हणून तुम्ही मशीनला दोष देत बसाल.